पाव फेरा

आज दुपारी एका पोरसवदा ट्रेनरने मला हसत हसत सांगितलं, "मॅडम, साडेतीन मीटर खोल स्विमिंग पूल आहे हा. इथे बडी चेक कसला करताय?" तेव्हापासून टाळकं सटकलंय. पोस्ट लांबणार आहे. ज्यांना फक्त कासवांचे फोटो बघायचेत त्यांनी पुढे सरका, ते उद्या टाकते.

तर शनिवार-रविवार स्कूबा डायव्हिंगचं कन्व्हेन्शन होतं. तीन हॉल भरून स्टॉल आणि मधोमध एक तात्पुरता पूल, नवीन रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडापर्यंत पोचवतो तो) पाण्यात वापरून बघायला. मी किट चढवलं. बडी, म्हणजे पाण्यातला जोडीदार, म्हणून एक अनोळखी गृहस्थ दिले होते, त्यांच्याकडे वळून म्हटलं, जरा एकमेकांचं किट तपासून घेऊया का? ते बिचारे लगेच तयार झाले. हसला तो ट्रेनर. वर विचारतो, "किती डाइव्ह झाल्यात तुमच्या?" म्हटलं, दीडशेच्या वर. तर म्हणे, "मग?"

मग काय? दीडशे डाइव्ह झाल्या म्हणून टाकीचा व्हॉल्व्ह मला ओळखतो का?

जुन्या मंडळींना माझी सुईची गोष्ट पाठ आहे. तरी पुन्हा ऐका. माझी अकरावी डाइव्ह. बोटीवर कुणीतरी मदत म्हणून जाता जाता माझ्या टाकीचा व्हॉल्व्ह फिरवला. तेव्हा शिकवायचे, पूर्ण उघडा आणि मग पाव फेरा मागे आणा. त्या भल्या माणसाने नेमकं उलटं केलं, पूर्ण बंद करून पाव फेरा उघडला. वर दोन श्वास घेतले, हवा मस्त आली, टाकीतला दाब दाखवणाऱ्या गेजची सुई 200 बारवर. मारली उडी.

18 मीटरवर श्वास जड व्हायला लागला. उशी तोंडावर धरून हवा ओढावी तसा. गेज बघितलं तर श्वास घेतला की सुई धाडकन खाली, सोडला की परत जागेवर. खाली, वर. खाली, वर. तिथे दाब 2.8 पट असतो, म्हणजे छाती तेवढीच, पण ती भरायला हवा 2.8 पट लागते. आणि ती येणार कुठून, तर पाव फेऱ्याच्या फटीतून. हे गणित मला लेखी परीक्षेत आलं होतं. तिथे खाली मात्र एवढंच कळलं की सुई नाचतेय आणि मी संपले.

माझे बडी एक काका होते, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, बोटीवर शब्दही न बोललेले. मी गेज त्यांच्या मास्कसमोर धरलं. त्यांनी एका हाताने स्वतःचा ऑक्टोपस, म्हणजे श्वास घ्यायची जादा नळी, माझ्या तोंडाशी आणला आणि दुसरा हात माझ्या मानेमागे गेला. कर्र, कर्र. दोन-अडीच फेरे. सुई जागच्या जागी थांबली.

वर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "चूक माझी. उडी मारायच्या आधी मी हात लावून बघायला हवा होता."

म्हणून त्या "मग?"चा राग येतो. आणि साडेतीन मीटर म्हणजे काय हो? टाकीतली हवा छातीत भरून, श्वास रोखून वर आलात तर सव्वा मीटरवरूनसुद्धा फुफ्फुस फाटू शकतं. हे पहिल्या दिवशी शिकवतात. ट्रेनरला मी शिकवायचं का आता?

बरं, तो मुलगा वाईट नव्हता. सकाळपासून लोकांना पाण्यात घालून-काढून पिट्टा पडला असेल त्याचा. पण तो हवेतून नाही आला, त्याच कन्व्हेन्शनमधून आलाय. रविवारी सकाळी नऊला, सामानाच्या खोलीला लागून असलेल्या खोलीत, 'हवा संपते तेव्हा' असं सत्र होतं. माझ्यासकट अकरा माणसं, त्यातला एक माइकवाला. त्याच वेळी मोठ्या हॉलमध्ये पाण्याखालच्या रील्स कशा काढायच्या यावर बसायला जागा नव्हती. त्या छोट्या खोलीत बोलणाऱ्या बाईंनी टेबलावर टाकी उभी केली आणि एकेकाला डोळे मिटून, मागून हात घालून व्हॉल्व्ह उघडायला लावला. सगळे मुरलेले डायव्हर. तिघांनी बंदच्या दिशेला फिरवला! अख्ख्या दोन दिवसांत मला इतकं उपयोगाचं दुसरं काही दिसलं नाही आणि ते बघायला माणसं किती, तर अकरा.

मान्य, स्टॉलवाले नसते तर हॉलचं भाडं कुणी भरलं नसतं. टाकीतला दाब मनगटावर दाखवणारे कॉम्प्युटरही चांगलेच आहेत. आणि हो, एक टॉर्च मीही घेतलाय, गप्प बसा. पण तो पंधरा रंगांचा कॉम्प्युटर मागे हात घालून व्हॉल्व्ह उघडत नाही. माणूस उघडतो.

एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. काचेच्या पेटीत जुना, दोन नळ्यांचा रेग्युलेटर ठेवला होता. रबर तडकलेलं, पितळ काळवंडलेलं. 1943 साली फ्रान्समध्ये जॅक कुस्तो आणि इंजिनिअर एमिल गान्यान यांनी बनवलेल्या यंत्राच्या कुळातला. युद्धामुळे पेट्रोल मिळेना, तेव्हा मोटारी गॅसवर चालाव्यात म्हणून गान्यानने एक व्हॉल्व्ह केला होता. तोच पाण्याखाली माणसाच्या तोंडाला लावला. लागेल तेव्हा, लागेल तेवढीच हवा. इंजिनाला असो की आपल्याला. मी तिथे बराच वेळ उभी होते. आपला सगळा उद्योग एका व्हॉल्व्हवर उभा आहे, आणि आपण तो उघडा आहे का हे बघायला लाजतो.

इथपर्यंत लिहून थांबले होते. पोस्ट उडवणार होते, कारण एक गोष्ट सारखी आडवी येत होती. आता लिहितेच.

गेल्या महिन्यात, दिवसाची तिसरी डाइव्ह. सगळे दमलेले. मला बडी म्हणून एक नवा मुलगा दिला होता, जेमतेम आठ-दहा डाइव्ह झालेला. तो माझ्यासमोर उभा राहिला, दोन्ही हात अर्धवट वर, मी तपासेन म्हणून वाट बघत. आणि मी काय केलं? अंगठा-बोट जोडून ओके दाखवलं आणि मागे वळले. त्याचे हात तसेच हळूच खाली गेले. ते मी बघितलं होतं. बघूनही उडी मारली.

त्या ट्रेनरला निदान साडेतीन मीटरची सबब होती. आमची डाइव्ह 20 मीटरची होती.

काकांनी न केलेली चूकसुद्धा स्वतःकडे घेतली होती. व्हॉल्व्ह तिसऱ्यानेच फिरवला होता ना? आणि मी दोन तास इथे दुसऱ्याच्या नावाने बोटं मोडतेय.

मगाशी त्या मुलाला मेसेज केला. "त्या दिवशी तिसऱ्या डाइव्हला मी तुझा व्हॉल्व्ह तपासला नव्हता. चूक माझी."

पाच मिनिटांत उत्तर आलं. "माहितीये ताई. म्हणून मी पाण्यात उतरायच्या आधी बोटवाल्या दादांकडून तपासून घेतला. तुमचापण बघायला सांगितलं होतं, तुम्ही पुढे निघून गेलात."