हद्द आमची नाही!

गेल्या महिन्यात ठाणे-बेलापूर रस्त्यावर शेजारच्या काकूंचं मंगळसूत्र बाइकवरच्या दोघांनी खेचून नेलं. रिक्षा सिग्नलला थांबली होती तेवढ्यात. मानेवर वळ घेऊन काकू तशाच घरी आल्या, आणि मी त्यांना जवळच्या पोलीस ठाण्यात घेऊन गेले. ठाणे अंमलदाराने नीट ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "ताई, ही हद्द आमची नाही, नवी मुंबईची. तिकडे जा."

जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. कलम १७३ सांगतं की दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस थेट तपास सुरू करू शकतात) कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची. झिरो एफआयआर म्हणतात तो हाच. मोबाइलवर कलम दाखवलं, तर त्याने दोनदा वाचलं. म्हणाला, "नव्या कायद्याचं लेक्चर झालं होतं, पण मी त्या दिवशी बंदोबस्ताला होतो."

त्याच्यावर मला रागावता आलं नाही. पोलीस भरतीसाठी साकेत मैदानावर पहाटे धावणारी पोरं आपण ठाणेकर बघतो. १६०० मीटरमध्ये सेकंदासेकंदाला गुण. एवढं काटेकोरपणे निवडलेल्या माणसाला कायदा मुळापासून बदलल्यावर शिकवायचं कधी, तर बंदोबस्तातून उरलेल्या वेळात? आता झडतीचं चित्रीकरण करायचं, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाला घटनास्थळी बोलवायचं. तिथे चुकलं की खटला कच्चा, आणि फिर्यादीच्या हाती काही नाही.

'पोलीस' हा राज्यसूचीतला विषय, म्हणजे हे मुंबईत विधानभवनातच ठरायला हवं. पोलीस सुधारणांबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा प्रकाश सिंह खटल्याचा निकाल २००६ चा. त्यानंतर २०१४ मध्ये आपल्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमात दुरुस्ती झाली. एका जागी किती वर्षं राहायचं हे कलम २२ न मध्ये लिहिलं गेलं, शिपायासाठी साधारण पाच. बदलीचा कालावधी कायद्यात येऊ शकतो, तर वर्षातले प्रशिक्षणाचे दिवसही यायलाच हवेत. बंदोबस्तासाठी ते रद्द करता येणार नाहीत, आणि पूर्ण केल्याशिवाय बढती नाही, असं स्पष्ट लिहून. कॅलिफोर्नियात पोलिसांच्या प्रशिक्षणाचे मापदंड ठरवणारा आयोग १९५९ पासून आहे.

काकूंची तक्रार शेवटी त्याच अंमलदाराने, साहेबांना फोन करून, रात्री साडेअकराला नोंदवली. आमदारांना मी पत्र दिलंय. पोलीस कुटुंबातल्या मंडळींनो, तुमच्या घरातल्या माणसाचं शेवटचं प्रशिक्षण कधी झालं, आणि किती दिवसांचं? इथे लिहा, पुढच्या पत्राला जोडते.