बिदरीचा काळा रंग एकट्या मातीतून येत नाही

बिदरी म्हणजे काळ्या धातूवर चांदीची नक्षी जडवण्याची कर्नाटकातल्या बिदरची कला. तिच्याबद्दलचा एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर सारखा फिरतो: लोखंडाच्या भांड्यावर चांदी जडवतात, मग बिदरच्या किल्ल्यातली शेकडो वर्षं ऊन न पाहिलेली माती चोळली की ते काळं होतं. ही माती फक्त तिथेच मिळते, म्हणून हे काम दुसरीकडे होऊ शकत नाही. आणि हा रंग कधीच जात नाही.

लोखंडाचा इथे काही संबंध नाही. साधारण १६ भाग जस्त आणि १ भाग तांबं वितळवून, राळ आणि एरंडेल घातलेल्या मातीच्या साच्यात ओततात. शंका असेल तर चुंबक लावून बघा. चिकटलं तर ती वस्तू बिदरी नव्हे.

मातीबद्दलचं अर्धंच खरं आहे. माती लागते, पण काळेपणाचं गुपित त्या एका भाग तांब्यात आहे. माती आणि नवसागर (अमोनियम क्लोराइड) पाण्यात उकळतात. हे पाणी पृष्ठभागावरचं जस्त खातं, तांबं मागे उरतं आणि तिथे पातळ काळा थर धरतो. नुसत्या जस्ताला तीच माती लावली, तर ते राखाडीच राहतं. चांदीवर या पाण्याचा परिणाम होत नाही, म्हणून नक्षी पांढरी उठून दिसते. मातीत कामाचे असतात ते सोऱ्यासारखे (पोटॅशियम नायट्रेट) क्षार. माती उन्हापावसापासून आडोशाला असण्याचा फायदा एवढाच की ते पावसात वाहून जात नाहीत.

कारखान्यातल्या व्हिडिओंमुळे आणखी एक घोळ होतो. नक्षी कोरण्याआधी वस्तूला मोरचुदाचं (कॉपर सल्फेट) पाणी लावून काळं करतात, पण ते फक्त टोकदार सुईने काढलेल्या रेघा दिसाव्यात म्हणून. चांदीची तार खाचेत ठोकून बसवल्यावर कानस आणि पॉलिशमध्ये तो काळा रंग पूर्ण निघून जातो. खाच उथळ राहिली, तर याच वेळी तारही उचकटते. खरा काळा रंग त्यानंतर, अगदी शेवटी चढतो.

‘फक्त बिदरला’ हेही चूक. लखनौ, पूर्णिया आणि मुर्शिदाबादला पूर्वी बिदरी बनत असे.

रंग कधीच जात नाही, या समजाने मात्र वस्तूंचं खरं नुकसान होतं. चिंच, लिंबू किंवा पितांबरीने घासलं की काळा थर खरवडला जातो आणि खालचं जस्त उघडं पडतं. कोरडं मऊ कापड आणि थेंबभर खोबरेल पुरे. आंबट पदार्थ तर त्यात ठेवूच नका. थर उडालाच, तर घरी काळा रंग फासू नका, जाणत्या कारागिराकडे द्या. माती-नवसागराच्या पाण्यात तो पुन्हा चढवता येतो.