चरबीच्या गाठीला सुई लावल्याने कॅन्सर होत नाही

'अंगावरच्या चरबीच्या गाठीला सुई किंवा चाकू लावू नका, तिचा कॅन्सर होतो' असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. हे खरं नाही. ही गाठ, म्हणजे लायपोमा, साध्या चरबीच्या पेशींची असते. सुई टोचल्याने त्या पेशी बदलत नाहीत. चरबीचा कॅन्सर, लायपोसार्कोमा, बहुधा सुरुवातीपासूनच वेगळा असतो. तपासणीत तो 'निघाला', तर आधीपासूनच तिथे होता. या भीतीने लोक तपासणीच टाळतात, याची जास्त काळजी वाटते. मऊ, बोटाखाली सरकणारी, वर्षानुवर्षं तेवढीच राहिलेली गाठ सहसा निरुपद्रवी. पण ५ सेंटिमीटरहून मोठी, वाढती, खोलवरची किंवा काढल्यावर पुन्हा आलेली असेल, तर लेप-मालिशीत महिने न घालवता सर्जनला दाखवा.