कोरोना कबूल करायचा की इंडक्शन?

पुण्यात पेठेत ज्या मुली कॉट बेसिसवर राहिल्यात त्यांना काही सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. कॉट बेसिस म्हणजे खोली तुमची नसते, कपाट अर्धं तुमचं असतं, बाथरूम नंबर लागला तर तुमचं असतं, आणि सहा बाय अडीचची एक लोखंडी कॉट नि तिच्याखालची अंधारी जागा एवढं मात्र, 2020 साली तरी महिना 2600 रुपयात, अगदी स्वतःचं असतं. त्या अंधाऱ्या जागेत माझी सुटकेस, सुटकेसमध्ये जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा, आणि गठ्ठ्याखाली टॉवेलात गुंडाळलेला एक इंडक्शन. हा इंडक्शन लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

काकूंच्या घरी आम्ही चौदाजणी होतो. काकू खाली, आम्ही वर, मध्ये लाकडी जिना, आणि जिन्यात काकूंच्या हातची पाटी: "गिझर सकाळी 6 ते 7. नंतर येणाऱ्यांनी गार पाण्यालाच गरम समजावे." तिच्याखाली दुसरी, लाल शाईत: "इंडक्शन, कॉइल, हीटर आढळल्यास डिपॉझिट जप्त." काकूंचं वय 68, आवाज साधारण 28 चा.

9 मार्चला पुण्यात कोरोनाचे पहिले पेशंट सापडले, दुबईहून आलेले, नायडू हॉस्पिटलला नेले. त्या दिवसापासून आमच्या घरात नायडू हे क्रियाविशेषण झालं. "ओले केस घेऊन फिरू नकोस, नायडूत जाशील." हळूहळू नोकरीवाल्या गावी गेल्या, कॉलेजवाल्या गेल्या, आणि उरलो आम्ही सातजणी. सगळ्या एमपीएससीवाल्या. 5 एप्रिलला राज्यसेवेची पूर्व परीक्षा होती, आता पंधरा दिवसांसाठी कुठे जायचं आणि परत यायचं, असा आमचा हिशोब. एरवी आम्ही भारताच्या लोकसंख्येपासून मान्सूनच्या शाखांपर्यंत सगळं सांगतो, पण पुढच्या आठवड्यात काय होणारे हे सातजणींतल्या एकीलाही सांगता आलं नाही.

24 मार्चला रात्री 8 ला 21 दिवसांच्या लॉकडाऊनची घोषणा झाली आणि पाऊण तासात मेसवाल्या काकांचा मेसेज आला की उद्यापासून मेस बंद. दुसऱ्या दिवशी पाडवा. पाडव्याला मेसला श्रीखंड-पुरीची फीस्ट होती आणि तिचे 80 रुपये आम्ही ॲडव्हान्स भरले होते. देशावर काय संकट आलंय वगैरे ठीक आहे, पण कोल्हापूरची त्या रात्री रडली ती श्रीखंडासाठीच, आणि मला त्यात काही चूक वाटत नाही.

काकूंनी मोठ्या मनाने त्यांचा मागच्या अंगणातला जुना गॅस आम्हाला दिला, सकाळी 11 ते 12. एका तासात सातजणींचा स्वयंपाक, त्यात एक जळगावची, एक चंद्रपूरची, एक संगमेश्वरची, एक कोल्हापूरची, दोघी नगरच्या आणि मी परभणीची. पोळी कुणालाच धड येत नव्हती पण वरणात गूळ घालायचा की नाही यावर प्रत्येकीचं मत मात्र अगदी ठाम. संगमेश्वरचीने ओलं खोबरं मागितलं तेव्हा चंद्रपूरची म्हणाली, "काऊन वो, लॉकडाऊन आहे का लग्न आहे?"

रात्रीचं जेवण म्हणजे सकाळचं उरलेलं, आणि सकाळचं उरायचं नाही.

तोपर्यंत टीव्हीवर एक मीटर अंतर ठेवा, एक मीटर अंतर ठेवा चालू झालेलं. चंद्रपूरचीने एका रात्री शिवणाचा टेप काढून मोजलं तर दोन कॉटच्या मधलं अंतर भरलं 38 सेंटिमीटर. कूस बदलली की शेजारणीच्या नाकासमोर आपलं नाक. मग ठरलं की एकीने भिंतीकडे डोकं करायचं आणि दुसरीने दाराकडे, म्हणजे डोक्याडोक्यात आपोआप दीड मीटर पडतं. शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होतं. फक्त माझ्या नाकासमोर आता नगरचीचे पाय आले, आणि ते पाय मी दोन रात्री सोसले, तिसऱ्या रात्री म्हटलं कोरोना परवडला.

खाली काकूंचं वेगळंच युद्ध चालू होतं. दुधाच्या पिशव्या साबणाने धुवायच्या, कोथिंबीर मिठाच्या पाण्यात, कांदे उन्हात, आणि नोटा, हो नोटा, मगमध्ये साबणाचं पाणी करून धुवायच्या नि अंगणातल्या दोरीवर चिमटे लावून वाळत घालायच्या. आम्ही वरच्या गॅलरीतून बघायचो, खाली पाचशेच्या, शंभराच्या नोटा वाऱ्यावर हलतायत आणि काकू काठी घेऊन कावळे हाकलतायत.

आणि ती कॉलरट्यून! आठवतेय ना, कोणालाही फोन लावला की रिंग वाजायच्या आधी एक माणूस खोकायचा? आमच्याकडे सगळ्या घरी फोन लावणार स्पीकरवर, कारण हातात भाजी नाहीतर पुस्तक. वर फोन खोकला की खालून आवाज, "कोण खोकलं?"

"काकू, फोन खोकला!"

"फोन कसा खोकेल? मला काय कुक्कुलं बाळ समजतेस?"

मग सातहीजणींनी जिन्यात येऊन उभं राहायचं, काकू खालून एकेकीचा चेहरा बघणार, मोठा श्वास घेऊन दहा आकडे म्हणायला लावणार, मग सुटका. दिवसातून चार वेळा. शेवटी काकूंनी स्वतःच्या मोबाइलवरून डोंबिवलीच्या बहिणीला फोन लावला, तो खोकणारा माणूस स्वतःच्या कानांनी ऐकला आणि फोन हातभर लांब धरला. नंतर त्या फोनलाही त्यांनी सॅनिटायझर चोळलं.

आता मुख्य प्रकरण. मार्च संपत आलेला. काकूंना कुठल्यातरी ग्रुपवर फॉरवर्ड आलं की रात्री हेलिकॉप्टरमधून शहरावर औषध फवारणार आहेत, दारं-खिडक्या गच्च बंद ठेवा. आम्ही सांगितलं की काकू ही अफवा आहे, तर म्हणाल्या अफवा असली तरी खिडकी लावायला काय पैसे पडतात? त्या स्वतः वर येऊन सगळ्या कड्या घालून गेल्या आणि 9 वाजता खाली टीव्हीसमोर बसल्या, कारण दूरदर्शनवर रामायण परत चालू झालेलं. 9 ते 10 काकू जगाला उपलब्ध नसत.

तर तोच मुहूर्त साधून आम्ही इंडक्शन काढला. दोन दिवस सपक वरणभात खाऊन जळगावचीचा जीव गेला होता, तिने भाजीच्या टेम्पोवरून पावशेर हिरव्या मिरच्या आणल्या होत्या, लवंगी, आणि तिला ठेचा करायचा होता. इंडक्शनवर लोखंडी तवा ठेवला, बटण दाबलं. नेहमीप्रमाणे जिन्यातल्या बल्बने जरा मान टाकली. तव्यात तेल, तेलात लसूण, आणि त्यावर पावशेरच्या पावशेर मिरची, देठं काढून, आख्खी.

पहिल्या मिनिटाला वास छान आला. दुसऱ्या मिनिटाला संगमेश्वरची शिंकली. मग मिरच्यांवर पांढरे फोड यायला लागले, एक फट्कन फुटली, आणि नंतर काय झालं ते मी नीट पाहिलेलं नाही कारण डोळे उघडत नव्हते. बंद खोली, कड्या घातलेल्या, सातजणी, आणि तो मिरचीचा खाट. जो काही खोकला सुरू झाला! एकीचा संपला की दुसरीचा असं नाही, सगळ्यांचा एकदम, वेगवेगळ्या पट्टीत. नगरची एक पलंगावर पालथी पडून, दुसरी तोंडात ओढणी कोंबून, कोल्हापूरची ठसका आणि हसू एकदम आल्यामुळे जमिनीवर. जळगावची तेवढी शांतपणे तव्यात कलथा फिरवत होती. "थोडी अजून होऊ द्या," म्हणाली. शेवटी चंद्रपूरचीने हेलिकॉप्टर गेलं खड्ड्यात म्हणून गॅलरीचं दार उघडलं आणि सगळ्याजणी गॅलरीत जाऊन, रात्री सव्वानऊला, लॉकडाऊनच्या त्या भयाण शांततेत, कठड्याला धरून ओळीने खोकलो.

समोरच्या बिल्डिंगमधले आजोबा त्यांच्या गॅलरीत आले, आमच्याकडे पाहिलं, आत गेले. दिवा लागला. फोनवर बोलताना दिसले.

खाली रामायण बंद झालं. हे जास्त भीतीदायक होतं.

"कोण खोकलं?" काकूंचा आवाज पहिल्यांदाच कापत होता.

आणि इथे आमच्यापुढे तो प्रश्न आला. खरं सांगायचं तर मिरची सांगावी लागणार, मिरची सांगितली तर तवा, तवा सांगितला तर इंडक्शन, आणि इंडक्शन सांगितला तर लाल शाईची पाटी, सातजणींचं डिपॉझिट. आम्ही एकमेकींकडे बघितलं. सगळ्यांचे डोळे लाल, नाकं गळतायत.

"आम्ही सगळ्याच, काकू," मी म्हणाले.

सकाळी 10 ला कॉर्पोरेशनच्या दोन ताई आल्या, बरोबर पाठीवर फवारणीचा पंप घेतलेला एक माणूस. काकू दारात. "चपला बाहेर काढा." ताई म्हणाल्या, आजी, असं चालत नाही, ड्यूटीवर आहोत. तर काकू म्हणतात कशा, "रँडपण असाच शिरत होता लोकांच्या घरात, प्लेगच्या वेळी. पुढे काय झालं माहितेय ना?" वरती जिन्यात आम्ही सातजणी भीतीने अर्धमेल्या, तरी चौघींच्या तोंडून आपोआप निघालं, "22 जून 1897, गणेशखिंड." कोल्हापूरचीने वर पुरवणी जोडली की साथरोग कायदासुद्धा 1897 चाच आणि आत्ता तोच लागू आहे, त्यामुळे ताईंना आत येऊ द्यावं लागेल. ताईंनी तिच्याकडे बघून वहीत काहीतरी लिहिलं.

कपाळावर एकेकीच्या ते पिस्तूल. माझं टेंपरेचर 94 आलं. परत धरलं, 93. "बॅटरी उतरलीय," ताई म्हणाल्या, "नाहीतर तुला वेगळ्या डिपार्टमेंटला पाठवायला लागेल."

"परदेशातून कोणी आलंय का?"

"ताई, आम्ही पंधरा दिवसांत कोथरूडलासुद्धा गेलो नाही."

ताप नाही, काही नाही, आणि रात्रीनंतर एकही खोकली नाही हे त्यांना जरा विचित्र वाटलं असावं. एक ताई खोलीत येऊन उभी राहिली, मास्क जरा खाली करून दोनदा हवा हुंगली, माझ्याकडे बघितलं, आणि मास्क परत वर केला. तिचं माहेर कुठलं ते मला माहीत नाही पण बाई समजदार होती. चौदा दिवस लक्ष ठेवा, काही वाटलं तर फोन करा, एवढं सांगून गेल्या.

झालं, काकूंनी चौदा दिवस आम्हाला वरच कोंडलं. शनिवार-रविवार त्यात धरायचे नाहीत असंही एकदा म्हणाल्या, पण त्यावर आम्ही निवेदन दिलं. अंगणातला गॅस बंद. आता दोन्ही वेळचं जेवण काकू करणार, पातेलं जिन्याच्या मधल्या पायरीवर ठेवणार, पळीने कठड्यावर तीनदा ठोकणार, त्या खाली गेल्या की आम्ही उचलायचं. ज्या बाईने गॅसचा एक तास मोजून दिला होता ती 68 व्या वर्षी सातजणींच्या पोळ्या लाटत होती, रोज अठ्ठावीस, आणि संध्याकाळी काढा, तो इतका कडू की त्यापुढे कोरोना सौम्य वाटावा. खाताना लाज वाटायची. खायचो मात्र सगळं.

फक्त काकूंची आमटी गोड. गूळ, आमसूल, गोडा मसाला, आणि तिखट म्हणाल तर नावालासुद्धा नाही. पण ठेचा होता ना! पावशेर मिरचीचा, स्टीलच्या डब्यात, कॉटखाली. बोटाच्या पेराएवढा रोज प्रत्येकीला, जळगावची स्वतः वाटायची, रेशनसारखा. नऊ दिवस पुरला.

त्या कोंडलेल्या दिवसांतच 5 एप्रिल आला. परीक्षा 26 एप्रिलवर गेलेली (नंतर ती कुठे कुठे जात शेवटी 2021 च्या मार्चमध्ये झाली, पण तो वेगळा विषय आहे आणि त्यावर मी सभ्य भाषेत लिहू शकत नाही). ज्या दिवशी पेपर सोडवायचा त्या दिवशी रात्री 9 ला नऊ मिनिटं दिवे लावायचे होते. काकूंनी पायरीवर सात पणत्या ठेवल्या, तेल-वातीसकट. आम्ही गॅलरीत लावल्या. समोरचे आजोबा त्यांच्या गॅलरीत मेणबत्ती घेऊन उभे. त्यांनी विचारलं, "खोकला कसा आहे?" कोल्हापूरची म्हणाली, "बरा हाय, पण संपत आलाय." ती ठेच्याबद्दल बोलत होती.

मे उजाडला तेव्हा पेठेतले रस्ते बांबू नि पत्रे लावून बंद, आणि विद्यार्थ्यांना गावी न्यायला एसटी सोडणार अशी बातमी. मेडिकल सर्टिफिकेटच्या रांगेत भर उन्हात तीन तास उभी राहिले, यादीत नाव आलं, आणि परीक्षेचं काहीच खरं नव्हतं म्हणून कॉट सोडायचं ठरवलं. सुटकेस घेऊन खाली आले. काकू अंगणात होत्या, मास्कवर पदर. दोरीवरून एकेक नोट काढून डिपॉझिट मोजत होत्या. पाचशेच्या चार, शंभराच्या चार. अजून दमट होत्या.

मी मोजलं. "काकू, 2600 होते ना? हे 2400 आहेत."

"दोनशे लाइटबिलाचे."

"पण लाइटबिल तर भाड्यात..."

काकूंनी माझ्या सुटकेसकडे बघितलं, मग जिन्याकडे. "दीड वर्षं झालं गं, तो बल्ब रात्री मान टाकतोय. आणि माझ्या आमटीच्या वाट्या हिरव्या होऊन खाली यायच्या."

मला काही सुचेना. मी नोटा पर्समध्ये टाकायला लागले.

"थांब," काकू म्हणाल्या, "शंभराच्या एकीला माझा चिमटा राहिलाय. तो देऊन जा."