बोरिंगच्या चुऱ्यातून रबर निघत नाही

बेळगावच्या उद्यमबागेत वर्कशॉप असलेल्या भाच्याने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, ॲडव्हान्स देऊ काय?" खानापूर-निपाणीपर्यंतच्या ग्रुपांवर हेच फिरतंय. त्यातला मजकूर थोडक्यात असा: शास्त्रज्ञांनी लोखंडापासून रबर बनवलं, फौंड्रीतला गंजका बोरिंगचा चुरा (लोखंड कोरताना पडणारा कीस), ॲल्युमिनियम पावडर आणि सिलिंडरचा गॅस ड्रममध्ये तापवला की अस्सल नैसर्गिक रबर तयार, रबर बनवताना वापरतात तो महागडा धातू निओडिमियम लागत नाही म्हणून टायर कंपन्या हे दडवतात, युनिट बसवून मिळेल.

देऊ नकोस. आणि युनिट घेतलं नाहीस तरी निदान ते ड्रमचं करून बघू नकोस.

गंज म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड. त्यात ॲल्युमिनियम पावडर मिसळून तापवली की थर्माइट होतं, ज्याने रेल्वेचे रूळ जोडतात तेच. एकदा पेटलं की तापमान २००० अंशांच्या वर जातं, ड्रमचा पत्रा वितळतो, आणि पाणी मारलं तर वितळलेला धातू उडतो. शेजारी गॅसचा सिलिंडर ठेवायचा, असा सल्ला हा फॉरवर्ड देतो. फौंड्रीत जन्म काढलेली माणसं हे पुढे ढकलतात, याचं नवल वाटतं.

ॲल्युमिनियम यात आलं कुठून, तेही सांगतो. खऱ्या प्रक्रियेत लोखंड हा रबराचा कच्चा माल नसून फक्त उत्प्रेरक असतं, म्हणजे छोट्या रेणूंची साखळी जोडून देणारं; त्याला चालू करायला ॲल्युमिनियम असतं, पण पावडर नव्हे. ट्रायआयसोब्युटिल ॲल्युमिनियमसारखं द्रव संयुग असतं. हवा लागताच पेटणारं, पाण्यावर स्फोटासारखं उसळणारं. म्हणून सगळं काम कोरड्या नायट्रोजन किंवा आरगॉनखाली चालतं. टोल्युइन हे द्रावक आणि मोनोमर (ज्यांची साखळी होते ते छोटे रेणू) दोन्ही आधी सुकवून घ्यावे लागतात. ओल राहिली तर आधी ॲल्युमिनियम संपतं आणि मग लोखंडाला चालू करायला काही उरत नाही. भांड्यात फक्त तपकिरी पाणचट द्राव दिसतो. पावसाळ्यात बेळगावच्या शेडमधली हवा डोळ्यांसमोर आणा.

आता गॅस. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असतात. रबराला संयुग्मी डाईन लागतं, म्हणजे एकाआड एक दोन दुहेरी बंध असलेला रेणू: ब्युटाडाईन किंवा आयसोप्रीन. ब्युटेनच्या साखळीला साखळी जोडण्यासाठी दुहेरी बंधच नाही, तिथे कोणताही उत्प्रेरक काय करणार? वर गळती कळावी म्हणून घातलेलं मर्कॅप्टन असतं, त्यातलं गंधक उत्प्रेरकाला मारक. खरं आयसोप्रीन ३४ अंशांना उकळतं, म्हणजे एप्रिलच्या दुपारी बाटली उघडी राहिली तर तेच उडून जातं. ब्युटाडाईन उणे ४ अंशांना उकळणारा वायू आहे आणि त्याने माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते: लोखंडाचा उत्प्रेरक ही थाप नाही. २०१२ मध्ये रेनो, वू आणि रिटर यांनी 'अँगेवांड्टे केमी'त आयसोप्रीनवरचं काम छापलं. पण तिथे लोखंड चुरा म्हणून नव्हतं. इमिनोपिरिडीन नावाच्या सेंद्रिय रेणूने धरलेला तो लोखंडाचा एकेक अणू होता. त्या रेणूची फांदी बदलली की रबरातली सिस-ट्रान्स रचना बदलते, म्हणजे साखळीचे तुकडे दुहेरी बंधाच्या एकाच बाजूला (सिस) की विरुद्ध बाजूंना (ट्रान्स) ते ठरतं. सगळी करामत त्या फांदीत आहे. रचना ट्रान्स झाली तर हाती गटापर्चासारखा कडक पदार्थ येतो. इमिनोपिरिडीनऐवजी बायपिरिडीन किंवा फिनान्थ्रोलिन हे रेणू घेतले तर ब्युटाडाईनची जोडणी बहुतांश १,२ अशी, म्हणजे पहिल्या-दुसऱ्या कार्बनमधून होते, आणि रचना नियमित असेल तर रबर नव्हे, स्फटिकी प्लास्टिक मिळतं. सिस-१,४, म्हणजे पहिल्या-चौथ्या कार्बनमधून झालेली सिस जोडणी, हे टायरचं रबर. ते आपोआप होत नाही.

आणि निओडिमियमची बचत? २००० रेणूंमागे धातूचा एक अणू धरला, तर १ किलो आयसोप्रीनला लोखंड ०.४ ग्रॅम लागतं, निओडिमियम १ ग्रॅमच्या आसपास. खरा खर्च मोनोमर, ॲल्युमिनियम संयुग, बोरेट (उत्प्रेरकाला चालू करणारं दुसरं संयुग) आणि कोरडेपणाचा. भंगाराच्या भावाचा इथे संबंधच येत नाही. उलट लोखंड रबरात राहिलं तर घात करतं: हवेत रबर लवकर चिकट होऊन पडतं, कारण लोखंडाचे क्षार ऑक्सिडेशन वाढवतात. म्हणून शेवटी आम्लयुक्त मेथेनॉलने धुऊन, बीएचटीसारखं अँटिऑक्सिडंट घालून मग वाळवतात. फॉरवर्डमध्ये धुण्याचा उल्लेखही नाही.

टायर कंपन्या दडवतात म्हणे. पेटंटं छापलेली आहेत, वाचा.

भाच्या, युनिटवाल्याला एवढंच विचार: आयसोप्रीन कुठल्या कंपनीचं येणार, द्रावकात पाणी किती पीपीएम (दहा लाखांत किती भाग), आणि नमुन्याच्या एनएमआर (रेणूची रचना दाखवणारी चाचणी) रिपोर्टवर सिस-१,४ किती टक्के. तिन्ही उत्तरं लेखी माग.