‘परफॉर्मन्स कार ट्रॅकसाठी कंपनीतूनच तयार येते’ म्हणे!

स्पोर्ट्स कारवाल्यांमध्ये एक संदेश भरपूर फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: ‘आजची परफॉर्मन्स कार न्यूर्बुर्गरिंगवर (जर्मनीतला रेस ट्रॅक) तपासूनच बाहेर पडते. वेळेवर सर्व्हिसिंग करा, इंजिन ऑइल जरा जाड टाका, ब्रेकला भोकंवाल्या डिस्क बसवा, टायरमध्ये हवा थोडी जास्त ठेवा आणि बिनधास्त ट्रॅकवर जा.’ ऐकायला शहाणपणाचं वाटतं. एकेक मुद्दा घेऊ.

‘न्यूर्बुर्गरिंगवर तपासलेली.’ तिथल्या नॉर्डश्लाइफ या लांब सर्किटची फेरी जवळपास २०.८ किलोमीटरची असते आणि कंपन्या तिथे टिकाऊपणाच्या चाचण्याही घेतात, हे खरं. पण चाचणीच्या गाडीचे पॅड, टायर, ऑइल यांच्यावर इंजिनिअरांचं सतत लक्ष असतं. तुमच्या गाडीतलं ब्रेक ऑइल दोन पावसाळे पाहिलेलं असतं. कंपनीने मॉडेल तपासलं, तुमची गाडी नव्हे.

‘वेळेवर सर्व्हिसिंग केलं की पुरे.’ खरी गोम इथे आहे. सर्व्हिसिंगचं वेळापत्रक किलोमीटर आणि महिन्यांत असतं, तेही रस्त्यावरचा वापर धरून. ट्रॅकवर हिशेब उष्णतेचा. १५०० किलोची गाडी ताशी १०० वरून थांबवायची तर सुमारे ०.५८ मेगाज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. तीच गाडी सरळ पट्टीच्या शेवटी २०० वरून ८० वर आणा, आकडा १.९ च्या पुढे जातो, म्हणजे तिपटीहून जास्त. रस्त्यावर इतका कडक ब्रेक क्वचितच मारावा लागतो. ट्रॅकवर पुढच्या वळणाला पुन्हा तेच, आणि डिस्क अजून निवलेली नसते.

ही उष्णता पॅडमधून त्याला दाबणाऱ्या पिस्टनला आणि तिथून ब्रेक ऑइलला लागते. पॅड झिजून पातळ झाला असेल तर अजून लवकर. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असं मानक सांगतं. पण ते हवेतला ओलावा शोषतं, आणि पाण्याचं प्रमाण ३.७ टक्क्यांवर गेलं की हीच किमान मर्यादा १५५ वर येते. डॉट ५.१ साठी हे आकडे २६० आणि १८०. रेसिंगची ऑइलं ३०० च्या वर जातात, पण ती वरचेवर बदलावी लागतात. (डॉट ५ हे सिलिकॉनचं, वेगळंच प्रकरण. नाव बघून ते यात मिसळू नका.) ऑइल उकळलं की कॅलिपरमध्ये (पॅड आणि पिस्टन धरणारा भाग) वाफ धरते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, त्यामुळे पेडल तळापर्यंत जातं आणि गाडी पळतच राहते.

ब्रेक ‘गेले’ म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो: पेडल कसं लागत होतं? स्पंजी होऊन खाली जात असेल तर ऑइल उकळलंय, बदलून ब्लीड करा, म्हणजे आतली हवा काढा. पेडल टणक आहे, तरी गाडी थांबत नाही, तर पॅड त्याला सोसेल त्या तापमानाच्या पलीकडे गेलाय. तिथे नवं ऑइल ओतून काही होत नाही. मग जास्त तापमानाचे पॅड हवेत. मात्र निव्वळ रेसचे पॅड थंड असताना नीट पकडत नाहीत. तेच घेऊन रोज ऑफिसला जाणं मला तरी वेडेपणा वाटतो.

‘भोकंवाल्या डिस्क थंड राहतात.’ जुन्या काळच्या पॅडमधून तापल्यावर वायू सुटायचा, त्याला वाट म्हणून ही भोकं आली. आजच्या पॅडमध्ये तो प्रश्न फारसा उरलेला नाही. डिस्क निवते ती मुख्यतः दोन तबकड्यांमधल्या पोकळीतून खेळणाऱ्या हवेने. उलट भोकाच्या कडेपासूनच तडे सुरू होतात. काही महागड्या गाड्यांना अशा डिस्क कंपनीतूनच येतात; तडे त्यांनाही जातात. एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत किंवा बाहेरच्या कडेपर्यंत भेग पोचली असेल, तर ती डिस्क बाद. त्या पैशात ब्रेकवर हवा आणणारी डक्ट बसवा.

‘जाड इंजिन ऑइल सुरक्षित.’ बीएमडब्ल्यूने ई४६ एम३ या स्पोर्ट्स कारला १०डब्ल्यू-६० हे जाड ऑइल सांगितलं होतं, ते त्या इंजिनासाठी. दुसऱ्या इंजिनात तेच ओतलं तर थंड असताना ते उशिरा पोचतं, आणि व्हॉल्व्ह टायमिंग ऑइलच्या दाबावर बदलणाऱ्या इंजिनात त्याचाही घोळ होऊ शकतो. ट्रॅकवरचा मोठा धोका निराळाच आहे: लांब वळणात संपमधलं (इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी) ऑइल एका बाजूला चढतं आणि पंप हवा ओढतो. त्यावर उपाय बॅफल (ऑइल अडवणाऱ्या आतल्या पट्ट्या) किंवा ड्राय संप (ऑइल वेगळ्या टाकीत ठेवणारी रचना), जाडी नव्हे. फुकटातला उपाय म्हणजे डिपस्टिकवर पातळी वरच्या खुणेला ठेवणं. खुणेच्या वर मात्र नको, फेस होतो.

‘हवा जास्त.’ अगदी उलट. २५ अंशांना ३२ पीएसआय भरलेल्या टायरमधली हवा ८० अंशांवर गेली की दाब ४० च्या घरात जातो. आधीच जास्त भरली असेल तर टायर मधोमध फुगतो आणि पकड जाते. म्हणून थंड टायरमध्ये थोडी कमी भरायची, पिटमध्ये (ट्रॅकलगतचा थांबा) आल्या आल्या गरम टायरचा दाब मोजायचा आणि जास्तीची काढायची. नायट्रोजनचं म्हणाल, तर साध्या हवेतही तो ७८ टक्के असतो. फरक पडतो तो ओलाव्याचा, कारण भरायचा नायट्रोजन कोरडा असतो.

‘बिनधास्त जा.’ जा की! पण परतीचं काय, याबद्दल संदेशात अवाक्षर नाही. शेवटची फेरी शक्यतो ब्रेक न लावता, हळू. गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला अडवणारा ठोकळा लावा. चाकं निवल्यावर नट टॉर्क रेंचने तपासा. पॅड किती उरलेत ते बघा. आणि गरम टायरमधून काढलेली हवा टायर थंड झाल्यावर परत भरा. नाहीतर घरी जाताना हायवेवर कमी हवेच्या टायरची भिंत चेपत राहील आणि तापत जाईल.