बाईकचं ऑइल एअर गनमध्ये घालू नका, आणि बाऊल थिनरने तर मुळीच धुऊ नका

भोसरी-चाकणच्या वर्कशॉपवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. ‘एअर टूल ऑइल म्हणजे निव्वळ लूट’ असं वर मोठ्या अक्षरांत, आणि खाली टिपा: हवेवर चालणाऱ्या गनमध्ये बाईकचं २०डब्ल्यू-४० इंजिन ऑइल घाला, तेल जेवढं घट्ट तेवढं चांगलं, पुण्याच्या उन्हाळ्यात तर सगळीकडे ६८ नंबरचं जाड तेलच, थेंब जास्त सोडा, गन जाम झाली की डिझेल मारा आणि ल्युब्रिकेटरचा (लाइनच्या हवेत तेलाचे थेंब सोडणाऱ्या उपकरणाचा) बाऊल थिनरने धुवा, कॉम्प्रेसरचं तेल हवेबरोबर येतंच, वेगळं तेल कशाला. माझा भाचा नुकताच मेंटेनन्सला लागलाय. त्याने हा मेसेज पाठवून विचारलं, ‘मामा, आमच्याकडे असंच करतात, बरोबर ना?’ नाही रे बाबा, बरोबर नाही. आणि यातली एक टीप डोळा घालवणारी आहे, म्हणून आधी तीच.

एफआरएल युनिटचा (फिल्टर, रेग्युलेटर आणि ल्युब्रिकेटर यांच्या जोडणीचा) पारदर्शक बाऊल बहुतेक वेळा पॉलिकार्बोनेटचा असतो. थिनर, पेट्रोल, ॲसिटोन यांनी पॉलिकार्बोनेटला केसासारख्या बारीक चिरा जातात, विशेषतः आट्यांजवळ, जिथे ताण जास्त असतो. धुतल्या धुतल्या काही दिसत नाही. बाऊल चकाचक होतो, परत बसवला जातो आणि काही दिवसांनी दाबाखाली फुटतो. लाइनचा दाब ६ बार, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण ६ किलो. बाऊलचा आतला व्यास ४० मिमी धरला तरी नुसत्या तळावर ७५ किलोच्या आसपास जोर येतो. तुकडे कुठे उडतील याचा नेम नाही, आणि हा बाऊल बहुधा तोंडाच्याच उंचीवर लावलेला असतो. फॉस्फेट एस्टर किंवा डायएस्टर जातीचं सिंथेटिक तेल आणि काही थ्रेड लॉकरसुद्धा (आटे घट्ट धरणारे गोंद) हेच नुकसान करतात, त्यामुळे ‘सिंथेटिक आहे, भारीच असणार’ म्हणून बाऊलमध्ये ओतू नका.

बाऊल धुवायचा तो असा: हवा बंद करा, लाइनमधला दाब पूर्ण सोडा, बाऊल उतरवा, साध्या साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन पुसून कोरडा करा. मग उजेडासमोर फिरवून बघा. एक जरी चीर किंवा पांढुरका धुरकटपणा दिसला तर फेकून द्या. बाहेरचं लोखंडी गार्ड अडचण होते म्हणून काढून ठेवलेलं असेल तर आजच परत चढवा. आसपास थिनर-पेंटचं काम चालत असेल तर सरळ धातूचा बाऊल घ्या.

गनमध्ये डिझेल मारणं हेही त्याच माळेतलं. ते एक्झॉस्टमधून धुक्यासारखं बाहेर पडतं, माणूस तेच श्वासात घेतो, आणि शेजारी ग्राइंडिंगच्या ठिणग्या उडत असतात. शिवाय आतली तेलाची उरलीसुरली फिल्म धुऊन जाते. जाम गनला होज काढून इनलेटमधून अर्धा चमचा एअर टूल ऑइल द्या, स्पिंडल हाताने फिरवा, एक्झॉस्टवर फडकं धरून कमी दाबावर काही सेकंद चालवा. तरी सुटली नाही तर उघडा. व्हेनच्या (रोटरच्या खाचांत सरकणाऱ्या पात्यांच्या) कडा तुटल्या असतील किंवा व्हेन झिजून आखूड झाल्या असतील, तर एखादीच नको, पूर्ण सेट बदला.

आता बाईकचं ऑइल. आयएसओ व्हीजी हा तेलाच्या जाडीचा नंबर. व्हीजी ३२ म्हणजे ४० अंशांना २८.८ ते ३५.२ सेंटिस्टोक (जाडीचं एकक). २०डब्ल्यू-४० त्याच तापमानाला शंभराच्या वर जातं, म्हणजे तिपटीहून जाड. रोटरच्या खाचांमधून व्हेन झटकन बाहेर येऊन लायनरला (भोवतालच्या नळकांड्याच्या आतल्या भिंतीला) टेकल्या तरच गनला जोर मिळतो. जाड तेलात त्या खाचेतच चिकटतात. त्यात इंजिन ऑइलमध्ये डिटर्जंट-डिस्पर्संट असतात. काजळी तरंगत ठेवणं हे त्यांचं इंजिनातलं काम. एअर लाइनमध्ये काजळी नसते, पाणी असतं, पावसाळ्यात तर भरपूर. मग हेच घटक पाणी धरून ठेवतात आणि आत ताकासारखा पांढरट गाळ जमतो.

‘उन्हाळ्यात जाड तेल’ हा तर्क एअर टूलला उलटाच लागतो. हवा मोटरमध्ये प्रसरण पावते तेव्हा थंड होते. चालू गनच्या एक्झॉस्टला हात लावून बघा. बाहेर ४० अंश असले तरी तेल आत गारच पडतं, आणखी घट्ट होतं. जाड तेलाची गरज असते ती रॉक ड्रिल आणि ब्रेकरला. तिथे व्हीजी १०० किंवा त्याहून वरचं रॉक ड्रिल ऑइल लागतं, एवढं मेसेजवाल्याचं मान्य.

लूट? छोट्या ब्रँडेड बाटलीचा लिटरमागे भाव बघितला तर महाग पडतं, हे खोटं नाही. पण त्यावर उपाय बाईकचं ऑइल नव्हे. बहुतेक ग्राइंडर, इम्पॅक्ट गन, स्क्रूड्रायव्हरना व्हीजी ३२ चं टर्बाइन ऑइल चालतं, आणि ते इंडियन ऑइल, एचपी, भारत पेट्रोलियम सगळ्यांकडे मोठ्या डब्यात मिळतं. एकदा टूलचं मॅन्युअल बघा आणि घ्या. हवेवर चालणाऱ्या सिलिंडर-व्हॉल्व्हसाठी ते बनवणाऱ्या एसएमसी कंपनीच्या कॅटलॉगमध्येही हाच ग्रेड आहे: तेल द्यायचंच तर व्हीजी ३२ टर्बाइन ऑइल, आणि एकदा सुरू केलं की थांबवायचं नाही, कारण कारखान्यात भरलेलं ग्रीस त्याने धुऊन गेलेलं असतं. नॉन-ल्यूब (बाहेरून तेल न लागणारा) सिलिंडर कोरडाच चालू असेल तर चालू द्या.

थेंबांचं गणित सोपं आहे. दर १० सीएफएमला (सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा) मिनिटाला साधारण एक थेंब, तिथून सुरुवात करा. चालू एक्झॉस्टपासून वीतभर अंतरावर पांढरा कागद धरा. पुसट तेलकट डाग आला तर बरोबर, थेंब उडाले तर जास्त. ल्युब्रिकेटर नसेल तर शिफ्ट सुरू होताना इनलेटमध्ये चार-पाच थेंब. इम्पॅक्ट गनच्या हॅमरला मात्र ग्रीसच लागतं, इनलेटचं तेल तिथे नीट पोचत नाही.

कॉम्प्रेसरमधून येणारं तेल गरम होऊन खराब झालेलं आणि पाण्यात मिसळलेलं असतं. ते फिल्टरने अडवून ड्रेनमधून काढायचं असतं. आणि ६८ हा नंबर फक्त जाडी सांगतो. हायड्रॉलिक ६८ आणि स्लाइडवे ६८ ही दोन वेगळी तेलं आहेत. व्हीएमसीच्या (उभ्या मिलिंग मशीनच्या) स्लाइडला हायड्रॉलिक तेल दिलं तर ते टिकून राहत नाही आणि टेबल अडखळत सरकतं.

जास्त थेंब सोडण्याबद्दल आणखी एक. पेंट बूथला जाणारी लाइन ल्युब्रिकेटरच्या आधीच वेगळी काढा. त्या लाइनमध्ये तेलाचा अंशही गेला तर रंगाला फिश-आय (माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे) पडतात आणि अख्खी बॅच घासून परत रंगवावी लागते.